सात वाजताचा खड्डा

घरातल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या आलेखात सकाळी सात वाजता एक खड्डा होता. रात्रभर रेघ हळूहळू चढत गेलेली, पहाटे पाचच्या सुमारास सगळ्यात उंच, आणि सातला एकदम खाली. तापमानाची रेघही त्याच वेळी घसरलेली. तपासनीस पोरसवदा होता, वागायला नम्र. त्याने लॅपटॉपवर त्या खड्ड्याशी बोट टेकवलं आणि आवाज न चढवता विचारलं, खिडकी कोणी उघडली होती का? आई ओट्याशी उभी राहून पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तिला इंग्रजी बेताचंच येतं, पण 'विंडो' कळतं. तिथूनच म्हणाली, "मी उघडली. खाली कोंदलं होतं नुसतं. सकाळी उठून घराची खिडकी उघडायची नाही, हे कुठलं शास्त्र?"

आम्ही घर विकायला काढलं होतं. मुलगी कॉलेजला गेली, गुडघे जिन्यांची तक्रार करायला लागले, घर अंगावर यायला लागलं. कारणं सगळ्यांची असतात तीच. घेणाऱ्यांनी छप्पर, फर्नेस, वाळवी यांच्या जोडीला रेडॉनची चाचणीही मागितली. पेन्सिल्व्हेनियात मागतातच. त्या तपासनीस मुलाने दारावर कागद चिकटवला: चाचणीच्या आधी बारा तास आणि चाचणीचे अठ्ठेचाळीस तास खिडक्या बंद, बाहेरची दारं येण्याजाण्यापुरती. मग बेसमेंटमधल्या झोपायच्या खोलीत, भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब, स्टुलावर एक करडा डबा ठेवून तो निघून गेला. हा डबा दर तासाला हवेतला रेडॉन मोजतो, शिवाय तापमान, आर्द्रता, हवेचा दाब टिपून ठेवतो, आणि कोणी जागचा हलवला तर तेही. ती खोली आईची. तिने डब्याकडे बघून आधी पदर सावरला आणि मग मला हळूच विचारलं, "हे ऐकतं का गं आपलं बोलणं?" नाही, नुसतं मोजतं, म्हटलं. "काय मोजतं?" जमिनीतून घरात येणारा वायू, म्हटलं. तिने गालिच्याकडे बघितलं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच.

खिडकी उघडल्यामुळे पहिली चाचणी बाद ठरली. डबा पुन्हा लागला, आई पुन्हा दोन दिवस कोंडल्या घरात बसली, उदबत्तीसुद्धा लावू का नको म्हणून मला विचारत. दुसऱ्यांदा आकडा आला ५.८. पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे लिटरभर हवेतल्या किरणोत्साराचं माप. चारच्या वर गेला की अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते की घर दुरुस्त करा. हेच घर आम्ही घेतलं तेव्हा आकडा होता ३.६. त्या वेळी सगळ्यांनी हसून हात मिळवले होते. दलालबाई म्हणाल्या होत्या, 'पास'.

इथल्या मराठी घरांत बेसमेंट काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. घर घेतलं की पहिली दोन वर्षं ते नुसतं काँक्रीट असतं. एका कोपऱ्यात जमिनीतलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाचा खड्डा, वर उघडे पाइप, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मग बोनस मिळतो आणि बेसमेंट 'फिनिश' होतं. पुढे घरातलं जे जे मराठी आहे ते हळूहळू खाली उतरतं. गणपतीचं मखर तिथे, ढोल तिथे, तांदळाची पोती तिथे, एकांकिकेच्या तालमी तिथे, रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या पत्त्यांच्या बैठका तिथे. आणि सहा महिन्यांसाठी येणारे आईवडीलही तिथेच, कारण स्वतंत्र खोली, स्वतंत्र बाथरूम, जिने फक्त जेवायला चढायचे. आमच्याकडे त्या खोलीला दमट गालिच्याचा, डांबरगोळ्यांचा आणि व्हिक्सचा मिळून एक वास होता. हवेतला दमटपणा शोषणारा डिह्युमिडिफायर रात्रभर घुरघुरायचा. बाबा त्याला 'तुमचा वॉचमन' म्हणायचे.

आकडा ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पोह्यांची ताटली माझ्यापुढे सरकवत म्हणाली:

"मग इतकी वर्षं आम्ही खाली झोपलो, त्याचं काय?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. मी वाचायला घेतलं ते त्यापायीच. खडकात युरेनियम असतं, थोडंफार सगळीकडेच. ते अतिशय सावकाश झिजत रेडियमपर्यंत येतं, आणि रेडियमपासून रेडॉन होतो. या साखळीतले बाकीचे सगळे धातू किंवा तशीच घन द्रव्यं, खडकात जागच्या जागी बसून राहणारी. मधला हा एकटाच वायू. रंग नाही, वास नाही, कशाशी संयोग नाही. ३.८ दिवसांत त्यातला निम्मा संपतो. पण मातीच्या फटींतून वर यायला तेवढे दिवस पुरेसे होतात. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतेक तसाच बाहेरही येतो. त्रास देते ती त्याची पिलावळ, म्हणजे पोलोनियम आणि मंडळी. ही पुन्हा घन. धुळीच्या कणांवर बसून फुप्फुसात जाऊन चिकटते आणि तीनएक मिनिटांच्या, अर्ध्या तासाच्या आयुष्यात अल्फा कण नावाच्या बारीक गोळ्या सोडून मोकळी होते. अल्फा कण एका कागदालाही अडतो. फुप्फुसाच्या आत मधे कागद नसतो, एवढाच काय तो फरक. चार पिकोक्युरी म्हणजे लिटरभर हवेत मिनिटाला नऊएक अणू फुटतात. मी हे आईला सांगितलं नाही. लिटरच्या तांब्याने ती रोज तुळशीला पाणी घालते. तिने लगेच हिशेब मांडला असता.

पहाटेच का वाढतो हा, हे मात्र तिला सांगता आलं. थंडीत घर म्हणजे मोठं धुराडं. फर्नेसने तापलेली हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरायला खालून, काँक्रीटच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने, सम्पच्या खड्ड्यातून जमिनीतली हवा ओढली जाते. बाहेर जितकी थंडी, खिडक्या जितक्या घट्ट, तितकी ओढ जास्त. घर घेतानाची चाचणी मे महिन्यातली होती, ही जानेवारीतली. मधल्या काळात आम्ही खिडक्या बदलून घेतल्या होत्या, दुहेरी काचेच्या, बिल कमी यावं म्हणून. आई म्हणाली, "म्हणजे घर खालून श्वास घेतं." असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या घरापासून बॉयरटाउन अर्ध्या तासावर. चारशे बावीस नंबरच्या रस्त्याने गेलं की लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पाचे दोन जाडजूड मनोरे डोंगरामागून डोकावतात. पाहुण्यांना आम्ही ते भीत भीत दाखवायचो. १९८४च्या डिसेंबरात तिथे काम करणाऱ्या स्टॅन्ली वॉट्रास नावाच्या इंजिनिअरच्या अंगावरून तपासणी यंत्रं पुन्हा पुन्हा किंचाळू लागली. प्रकल्पातून तेव्हा वीज निघायला सुरुवातही झालेली नव्हती. शेवटी एके सकाळी तो आत शिरल्याशिरल्या, कामाला हात लावायच्या आधीच, यंत्रातून गेला. यंत्र वाजलंच. म्हणजे तो किरणोत्सार प्रकल्पातून घरी नेत नव्हता, घरून प्रकल्पात आणत होता. बॉयरटाउनजवळच्या त्याच्या घरात मोजलं तर आकडा २,७००च्या आसपास. बायकामुलांसह त्यांना घर सोडावं लागलं आणि कित्येक महिन्यांनी दुरुस्ती झाल्यावर ते परत आले. हा सगळा पट्टा रीडिंग प्राँग या अब्जभर वर्षांपूर्वीच्या खडकाचा, रीडिंगपासून न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे गेलेला. त्याआधी रेडॉन हा खाणकामगारांचा विषय होता. जर्मनीतल्या श्नीबर्गचे खाणकामगार छातीच्या रोगाने मरतात हे शतकानुशतकं माहीत होतं, तो रोग फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे १८७९ साली लिहिलं गेलं, पण राहत्या घरात, गालिच्यावर, मुलांच्या खेळण्यांत हा वायू असेल असं अमेरिकेत फार थोड्यांच्या डोक्यात आलं होतं. त्या मनोऱ्यांकडे भीत भीत बोट दाखवणाऱ्या आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, की इथे ज्याची भीती वाटायची ते बोटाच्या दिशेला नसून पायाखाली आहे. (आणि ऑस्ट्रियात गास्टाइनला लोक पैसे मोजून रेडॉनच्या गरम बोगद्यात सांधेदुखीसाठी पडून राहतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मला बरं नसतं का वाटलं?" तिचे गुडघे पुढच्या पायरीवरच कुरकुरले.)

आता ते चार. मला आधी वाटायचं, चारच्या खाली बरं आणि वर वाईट, तापासारखं काहीतरी असेल. तसं ते नाही. बिनधोक अशी पातळी नाहीच, हे ईपीए स्वतः सांगते. दोन ते चारच्या मधेही दुरुस्तीचा विचार करा म्हणते. चार हा आकडा ऐंशीच्या दशकात ठरला तो बऱ्याच अंशी अशा हिशेबाने, की तेव्हाच्या तंत्राने, परवडेल अशा खर्चात, बहुतेक घरं कुठवर खाली आणता येतील. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला १०० बेक्वेरेल (किरणोत्साराचं दुसरं माप) ही मर्यादा सुचवली. अमेरिकन मापात ती होते २.७. आमचं 'पास' झालेलं ३.६ म्हणजे १३३ बेक्वेरेल. राज्याच्या राजधानीत हॅरिसबर्गमध्ये पास, आरोग्य संघटनेच्या जिनिव्हात नापास, आणि खोली तीच, गालिचा तोच, आई तीच.

बाबा आता नाहीत. गेले ते हृदयविकाराने, वाईला, रेडॉनचा त्यात काही संबंध नाही. तरी ईपीएच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, सिगारेट कधीच न ओढणाऱ्यांचा आणि ओढणाऱ्यांचा, आणि माझी नजर दर वेळी दुसऱ्याकडे जाते. जन्मभर चारच्या पातळीत राहिलं तर कधीच न ओढणाऱ्या हजारातल्या सुमारे सात जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होईल, ओढणाऱ्या हजारातल्या बासष्ट जणांना. धूर आणि रेडॉन एकमेकांना हात देतात. बाबांनी चारमिनार सोडली असं ते सांगायचे. बेसमेंटच्या मागच्या दाराशी, बर्फात, कानटोपी घालून ते 'जरा पाय मोकळे' करायला उभे राहायचे तेव्हा दाराची फट उघडी असायची. त्या फटीतून किती रेडॉन बाहेर गेला असेल आणि किती धूर आत आला असेल, असला वेडगळ हिशेब मी अंथरुणात पडल्या पडल्या केलेला आहे. आईचा हिशेब त्या मानाने सोपा. तक्त्यातला धोका जन्मभराचा, ती येणार दर दोन-तीन वर्षांनी काही महिने. फार थोडा, असं म्हणता येतं. शून्य, असं म्हणता येत नाही. तिला मी 'काही नाही गं' म्हटलं. ती हिशेबाची पक्की, प्राथमिक शाळेत गणित शिकवलेली. म्हणाली, "काही नाही आणि थोडं, हे दोन वेगळे आकडे असतात."

वाईला असतं का हे, हा तिचा पुढचा प्रश्न. असतं, सगळीकडेच असतं. पण आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट युरेनियमच्या बाबतीत गरीब, ग्रॅनाइटच्या मानाने बराच. त्यात वाईचं घर म्हणजे पुढचं दार सकाळी उघडलं की रात्रीच बंद, मागे परसदार, वर कौलांच्या फटी, आणि खाली तळघर नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या घरांत एलआर-११५ नावाची फिल्म लावून हे मोजलेलं आहे. खेळती हवा असली की रेडॉनला साचायला जागा मिळत नाही. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे, तिथे रेडॉनचा सख्खा भाऊ थोरॉन निघतो, त्याला मिनिटभराचंही अर्धायुष्य नाही. पुण्यातले आमचे नातेवाईक आता एसी लावून सरकत्या काचा घट्ट बंद करून झोपतात, पण नवव्या मजल्यावर जमीन पोचत नाही. त्यांच्या ओट्याला ग्रॅनाइट आहे. त्यातूनही कणभर निघतो, जमिनीच्या मानाने नगण्य. मी ते त्यांना सांगायला गेले नाही. मागच्या वेळी मायक्रोवेव्हवर वाद झाला होता.

दुरुस्तीवाला आला आणि दिवस मावळायच्या आत काम संपवून गेला. गालिचा एका कोपऱ्यात उलटला, काँक्रीटला तळहाताएवढं भोक पाडलं, त्यात कोपरापर्यंत हात घालून खालची खडी बादलीभर उपसली. त्या भोकातून जो वास आला तो मला अजून ओळखता येईल, ओल्या मातीचा, थंड, विहिरीत वाकल्यावर येतो तसलाच. त्याने पांढरा पीव्हीसी पाइप बसवला, सम्पच्या खड्ड्याला झाकण घालून कडा सील केल्या, पाइप भिंतीबाहेर काढून छपराच्या वर नेला आणि मधे पंखा जोडला. पंख्याने काँक्रीटखालची हवा आधीच ओढून घ्यायची, म्हणजे घराला ओढायला काही उरत नाही. पाइपवर इंग्रजी 'यू'च्या आकाराची काचनळी, तिच्यात लाल पाणी; दोन बाजूंच्या पातळीत फरक दिसला की पंखा चालू आहे असं समजायचं. आई ते लाल पाणी खाली जाऊन दिवसातून दोनदा बघून यायची. पुन्हा मोजलं, ०.७. खर्च दीड हजार डॉलरच्या आत. एवढ्याच पैशात आम्ही त्या खोलीतला गालिचा बदलला होता, रंग आवडला नाही म्हणून.

आणि मग आम्ही घराच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हातात दिल्या.

मला राग कोणाचा येतो हे नीट सांगता येत नाही. घेणाऱ्यांचा नाही, त्यांनी योग्य तेच केलं आणि त्यांचं बाळ आता खाली रांगत असेल. पण इतकी वर्षं आम्ही त्या घरात होतो आणि ते मोजलं गेलं फक्त दोनदा, आत येताना आणि बाहेर पडताना. म्हणजे ज्या दोन वेळी पैसे हात बदलत होते तेव्हा. इथे रेडॉन मोजतात तो जिथे माणसं झोपतात तिथे असं नव्हे, जिथे विक्री होते तिथे. अमेरिकेचा केंद्रीय कायदा आमच्यासारख्या खासगी घरमालकांना मोजायला भाग पाडत नाही. पेन्सिल्व्हेनियात मोजणाऱ्याला परवाना लागतो, दहापैकी सुमारे चार घरांत आकडा चारच्या वर निघतो असं राज्याचं खातं सांगतं, तरी भाड्याने राहणाऱ्याने विचारलं तर घरमालक खांदे उडवतो. विद्यार्थी असताना मी ज्या तळघरात राहिले, जिथे खिडकीतून फक्त चालणाऱ्यांचे बूट दिसायचे, तिथे कोणी कधी डबा ठेवला असेल असं वाटत नाही. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावरच्या तेलुगू जोडप्याला मी विचारलं, तर त्यांनी रेडॉन हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि ते काही मुलखावेगळं नव्हे, मीही घर घेईपर्यंत ऐकलं नव्हतं.

म्हणून रविवारच्या मराठी शाळेचं सुचलं. शाळा भरते एका चर्चच्या बेसमेंटमध्ये, जुनं दगडी चर्च, कोणी विकत नाही आणि घेत नाही. जिना उतरताना तोच ओल्या मातीचा वास येतो. वासाचा रेडॉनशी संबंध नाही, मला माहीत आहे, तरी माझी पावलं अडखळतात. कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला. खजिनदार म्हणाले, आकडा जास्त आला तर? या भाड्यात दुसरी जागा कुठे मिळणार? मला त्यांचं चूक वाटलं नाही. आमची मुलं तिथे आठवड्यातून दोन तास, बाराखडी आणि समोसे एवढंच, त्यांचा धोका मोजण्यात न येणारा. पण त्याच खोल्यांत सोमवार ते शुक्रवार पाळणाघर चालतं. खालच्या उंचीचे ते छोटे छोटे डेस्क, भिंतीवर रंगवलेले पंजे, दुपारी झोपायच्या गाद्यांची चळत. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, हिवाळाभर, खिडक्या बंद.

कमिटीने शेवटी मंजूर केलं. दोन दिवस हवेतला रेडॉन शोषून घेणारा कोळशाचा डबा आम्ही नाकारला, कारण चर्चचं हीटिंग रविवारी एक आणि सोमवारी एक असं चालतं; तो डबा त्या दोन दिवसांपुरतंच सांगेल. मागवल्या त्या अल्फा ट्रॅकच्या चकत्या. आत प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा. प्रत्येक अल्फा कण त्यावर न दिसणारी जखम करतो, तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्यात तो बुडवला की जखमा रुंद होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. ना बॅटरी, ना आवाज, खिडकी कोणी उघडली तर तीही त्या हिशेबात सामावते. आईला हे यंत्र पसंत पडलं. परवानगीसाठी चर्चच्या व्यवस्थापकांना भेटले. सत्तरीचे गृहस्थ, फार प्रेमळ. त्यांनी चकत्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, लावा की, पण वरच्या प्रार्थनाघरात लावा, तिथे माणसं बसतात. खाली तर काय, फक्त मुलं असतात. मी दोन वर लावल्या, त्यांच्या समाधानासाठी, आणि बाकीच्या खाली, गाद्यांच्या चळतीजवळच्या फळीवर. निकाल चर्चच्या पत्त्यावर जाणार, कारण इमारत त्यांची. प्रत आम्हालाही मिळावी असं मी अर्जावर लिहून घेतलंय, आणि पाळणाघराच्या बाईंचं नाव तिसऱ्या ओळीत घातलंय. त्यांनी ते मागितलं नव्हतं.